जाळ्याचा डोळा

माय कोसे उकळते धुण्याच्या सोड्यात.
धागा सुटतो, पाणी तपकिरी होतं,
ते ती बोरीच्या बुडाशी फेकते.
जन्मापासून पाहत आले.
यंदा म्हटलं, फेकू नको, मला दे.
"काहून? पेतं का हे कोणी?"

आरमोरीच्या एसटीत मांडीवर कॅन,
झाकण गळतं.
उकडल्या अळीचा वास.
शेजारची बाई आधी नाकाला पदर लावते,
मग उठूनच जाते.

कॉलेजात वलके सर कपाटातून गुंडाळी काढतात.
कोरडी होती तेव्हा कांद्याची साल,
भिजल्यावर माशाच्या पोटातला फुगा.
एका टोकाला गाठ.
फडक्यातून दोनदा गाळलेलं मायचं पाणी आत.
दुसरी गाठ मारताना सर म्हणतात,
"गळ्याशी जागा ठेव, प्रणाली.
रातभर फुगते ती."
मग काचेच्या मोठ्या भांड्यात
ही पिशवी स्वच्छ पाण्यात सोडायची
आणि वाट पाहायची.

याला डायलिसिस म्हणतात, हे घरी सांगितलं
तर संध्याकाळी मावशी आली, दोन केळी घेऊन,
"कोणाची गेली वं किडनी?"

बाहेरच्या पाण्यात एक थेंब टाकला की
गुलाबी होतं: सोडा बाहेर येतोय.
पाणी बदललं. पुन्हा गुलाबी, जरा फिकं.
बदललं.
दर चार तासांनी, कारण
दोन्हीकडं सारखं झालं की
जाणं आणि येणं सारखंच होतं,
मग काहीच कमी होत नाही.

बाबा डबा घेऊन आला तळ्यावरून, ओल्याच पायांनी.
भांड्याभोवती एक चक्कर मारली.
त्याच्या जाळ्याचा डोळा दोन बोटांचा,
झिंग्याच्या जाळ्यात करंगळीही जात नाही.
"याचा डोळा केवढा?"
दिसत नाही, बाबा.
"मंग विणला कोणं?"
मी सरांकडं पाहिलं.
सर खिडकीकडं.

लहान सुटतं, मोठं अडतं,
एवढं तर तुझंच आहे, म्हटलं.
"पण ओढते कोण?"
कोणीच नाही. जिथं दाटी
तिथून जिथं मोकळं तिकडं, आपोआप.
तो डब्याचं झाकण पुसत राहिला.
"मिरची तोडाले जातात तसे,"
म्हणाला, आणि झाकण लावलं.
आमच्या गल्लीत पाच घरांना कुलूप आहे.

रात्री लाइट गेली. ढवळणारं चुंबक थांबलं.
फ्रिजही गप्प, म्हणून भांडं उचलून
ओल्या पोत्यात गुंडाळलं, माठाशेजारी ठेवलं,
आणि काचेची कांडी घेऊन मीच हलवत बसले
पिशवीला धक्का लागू न देता.
मोबाइलच्या उजेडात ती
झोपलेल्या जनावरासारखी फुगत होती.
सोड्याचे कण भिंत ओलांडत होते,
हे मला दिसत नव्हतं.
मी कोणाला ढकलत नव्हते.
फक्त बाहेर जागा करून देत होते.

पाचव्या पाण्याला रंगच आला नाही.

पिशवीतलं थोडं काढलं, कॉस्टिक घातला,
वर मोरचुदाचे दोन थेंब:
जांभळं.
सरांनी नळी उजेडात धरली, "आहे."
इतकंच म्हणाले, आणि वहीत तारीख लिहिली.

मायला सांगितलं, कोशाला जे चिकटवून ठेवतं
ते आत राहिलं. त्याला सेरिसिन म्हणतात.
"शिरीशीन," ती म्हणाली,
चुलीवरचं भांडं उतरवता उतरवता.
"अन् मी वीस वरसं बोरीले पाजलं."

दोघी बाहेर आलो.
बोर उभी होती, एका अंगानं वाळलेली,
दुसऱ्या अंगाला हिरवी गच्च.
तिच्या मुळांनी काय आत घेतलं,
काय दारातच ठेवलं,
कधी विचारलं नाही कोणी.
माय तपकिरी पाणी हातात घेऊन
थोडा वेळ तशीच उभी.
मग म्हणाली, "कॅन कुठं आहे तुहा?"